माकडं मारून माकडताप जाणार नाही

नमस्कार दादा,

माकडतापावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "माकडांचा एवढा पुळका असेल तर घरी नेऊन पाळा. नारळ गेले, केळी गेली, आता तापही तेच देणार. सरसकट मारायची परवानगी द्या."

नारळ-केळीचं म्हणता ते शंभर टक्के खरं. त्याची भरपाई वेळेवर मिळायलाच हवी. पण तापासाठी माकडं मारायला निघालात, तर धोका तुमच्याच वाडीला आहे.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसं तापाने पडली. पिवळा ताप देशात शिरला की काय, अशी धास्ती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपासलं तर विषाणू नवाच निघाला, आणि तो पसरवत होती गोचीड. तोच हा माकडताप. वानर काय, लाल तोंडाचं माकड काय, दोघंही या आजाराने मरतात. माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी उतरून तिथल्याच पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पाचोळ्यात, पसरतात. मारलेल्या माकडाच्याही पसरणारच. कळप हुसकावलात तर त्या पुढच्या वाडीत जातील.

गोचिडीचं पिल्लू तिळाहून बारीक असतं. काजू वेचायला वाकलेल्या बाईच्या पायावरून ते वर सरकतं, गुडघ्यामागे नाहीतर कमरेला चिकटतं, चावल्याचं कळतही नाही. पावसाळ्यानंतर मेपर्यंत या पिल्लांचा जोर असतो, आणि काजूचा हंगाम नेमका त्यातच येतो. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात हा ताप आला, ती गावंही रानाला लागूनच आहेत.

मोठ्या गोचिडी तर गुरांच्या अंगावर पोसतात. म्हणून गुरं मारा, असं कोणी म्हणतं का? उद्या एकही माकड उरलं नाही तरी विषाणू रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांत आणि गोचिडीत राहीलच. फक्त माकड मेलेलं दिसलं की आपण सावध होतो, ती सोय जाईल.

कर्नाटकात वर्षानुवर्षं दिलेली जुनी लस पुरेशी उपयोगी ठरत नाही म्हणून थांबवली गेली. तेव्हा सध्या भिस्त काळजीवरच. काजूत जाताना अंगभर कपडे घाला, आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचिडी दूर ठेवणारं तेल हातापायांना लावा, पातेऱ्यावर बसू नका, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे लगेच धुवा. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, त्याच दिवशी वनरक्षकाला नाहीतर आरोग्य केंद्राला कळवा. रानात जाऊन आल्यावर एकदम ताप चढला आणि डोकं, अंग ठणकायला लागलं, तर गोळी घेऊन घरी पडून राहू नका. डॉक्टरांना रानात गेल्याचं आधी सांगा.