हळदीतली लेझीम : तुमच्या दोन स्टारना उत्तर

ताई, नमस्कार. मी घेतलेल्या कार्यक्रमाला दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की भाचीच्या हळदीत लेझीम गल्लीतली पोरंच खेळली, बायका खुर्च्यांवर बसून व्हिडिओ काढत राहिल्या, मावशींच्या बोटाला लागलं, कार्यक्रम उशिरा सुरू झाला आणि वर हलगीचे जादा पैसे घेतले. हलगीचं सोडलं तर सगळं खरं आहे.

चूक माझी. ती बारा पोरं गणपतीच्या आधी महिनाभर रोज सराव करणारी. पुढे एकत्र उभं राहायचा हट्ट त्यांचा होता, पण हो म्हणालो मी. पहिल्या पाच मिनिटांत ती उड्या मारून बसायच्या अवघड हातांवर (म्हणजे लेझमीच्या प्रकारांवर) गेली. तिथं नवखा माणूस शिरणार कसा? एरवी मी गोल करतो आणि दोन नवख्यांमागे एक जाणता पेरतो. गोलात समोरच्याचे हात दिसतात, रांगेत नुसती पाठ. शिवाय लेझीम शेवटी घेतो. आधी टाळ्यांचा फेर, मग झिम्मा, ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांची फुगडी. तोवर अंग मोकळं होतं, लाजही गेलेली असते. तुमच्याकडे लेझीम दुसऱ्याच नंबरला घेतली आणि तिथंच सगळं फसलं.

हळदीआधी पाहुण्यांचा सराव ठेवला, त्याला चाळीस नावं होती, आले अकरा. मे महिन्यात सोलापुरात संध्याकाळी सहालाही घराबाहेर पडवत नाही, तेव्हा त्यांचा दोष नाही. न आलेल्यांसाठी काय करायचं हे मीच ठरवायला हवं होतं. (आपल्याकडं लेझीम येत नाही असं कुणी कबूलही करत नाही, सगळे ‘शाळेत खेळलोय की’ म्हणतात.)

मावशींचं बोट साखळी आणि दांड्याच्या मध्ये सापडलं. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात साखळीमधली मूठ, आणि बोटं मुठीच्या बाहेर येऊ द्यायची नाहीत, एवढंच दाखवायचं असतं. दोन मिनिटांचं काम. उशीर झाला म्हणून मी ते गाळलं.

उशीर हलगीमुळे झाला. चामड्याची हलगी शेकल्याशिवाय कडक वाजत नाही. लॉनवाल्यांनी आत जाळ करू दिला नाही, म्हणून वादक रस्त्याच्या कडेला कागद पेटवून शेकत बसले. जागा आधी बघायला हवी होती.

पैशांचं मात्र मान्य नाही. ठरले होते दोन हलगीवाले, फक्त हळदीपुरते. तुमच्या भाऊजींनी त्यांना वरातीलाही थांबवून घेतलं. ते जादाचे पैसे थेट वादकांच्या हातात गेले.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. नवरदेवाकडच्या, सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू बायकांनी बतुकम्माच्या (त्यांच्या फुलांच्या सणातल्या फेराच्या) टाळ्या धरल्या, तेव्हा तुमच्या आत्या चपला काढून त्यांच्यात घुसल्या होत्या. कुणी शिकवलं नव्हतं. कार्यक्रमाची सुरुवातच तिथून करायला हवी होती, हे मला तेव्हाच कळलं.

लेझमींचं पूर्ण भाडं आणि माझी निम्मी फी परत करतोय, तुमच्या भावाशी बोलणं झालंय. श्रावणात भाचीची मंगळागौर असेल तर आमच्या दोन बायका येऊन खेळ घेतील, त्याचे पैसे नकोत. मावशींचं नख कसं आहे तेवढं कळवा.