मोतीला मीठ-पाणी पाजायला सांगणाऱ्यांनो

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला मिरजेहून मावशीचा फोन. जिन्याखाली उंदरांसाठी ठेवलेल्या निळ्या वड्या तिच्या कुत्र्याने, मोतीने, खाल्ल्या होत्या. मावशी पातेल्यात पाणी घेऊन उभी. "मीठ किती घालू रे? मेसेजमध्ये दोन मोठे चमचे लिहिलंय."

"मावशी, ते पाणी आधी मोरीत ओत!"

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'कुत्र्याने विष खाल्ल्यास घाबरू नका, घरीच उपाय करा': तोंडाला फेस म्हणजे विषच, मीठ-पाण्याने उलटी काढा, दूध-तूप पाजा, कोळसा चारा, तासाभरात काही झालं नाही तर धोका टळला. खाली हात जोडलेले.

आधी मीठ. मोठा चमचा म्हणजे सतरा-अठरा ग्रॅम. दोन चमचे पस्तीस. मोती सात किलोचा पॉमेरियन. म्हणजे किलोमागे 5 ग्रॅम. पशुवैद्य ज्याचा आधार घेतात त्या मर्क व्हेटर्नरी मॅन्युअलमध्ये कुत्र्यासाठी किलोमागे 4 ग्रॅमच्या आसपास मीठ प्राणघातक म्हटलंय; त्रास तर 2 ग्रॅमपासूनच सुरू होतो. उलटी झाली नाही की सगळं मीठ रक्तात उतरतं, मेंदूतलं पाणी ओढून घेतं आणि झटके येतात. वड्यांचं विष चढायच्या आधी मिठानंच मोती गेला असता, आणि आपण खापर वड्यांवर फोडलं असतं.

शिवाय प्रत्येक विषाला उलटी चालतच नाही. रॉकेल किंवा संडास धुवायचं अ‍ॅसिड पोटात असेल, कुत्रं गुंगीत किंवा झटक्यात असेल, तर उलटी फुप्फुसात जाते, अ‍ॅसिड घसा दुसऱ्यांदा भाजतं. आणि तोंडाला फेस म्हणजे विषच, हे कुणी ठरवलं? फेस रेबीजमध्येही येतो. अशा कुत्र्याच्या जबड्यात हात घालून पाणी ओतायला सांगताय?

दूध-तूप: उंदराच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो, तो स्निग्ध पदार्थाबरोबर जास्तच शोषला जातो. उंदराची काळी पावडर, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पोटातल्या आम्लात विषारी वायू सोडते. त्या उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो आणि तो वायू माणसालाही बाधतो. गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा.

कोळशाचं अर्धं खरं आहे, मान्य. डॉक्टर देतात तो अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे खास प्रक्रिया केलेला कोळसा, बरीच विषं धरून ठेवतो. चुलीतला कोळसा तो नव्हे.

राहिला 'तासाभरात काही नाही' हा मुद्दा. मोती तासाभरानेही शेपूट हलवत होता. मावशीने कचऱ्याच्या डब्यातून पुडीचा कागद शोधला, त्यावर ब्रोमाडिओलोन. हे रक्त गोठू देत नाही, पण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात: हिरड्या पांढुरक्या, धाप, काळी शी, नाकातून रक्त. तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून लक्षणांची वाट न बघता पुडी, कुत्र्याचं वजन, किती खाल्लं, किती वाजता, एवढं घेऊन निघायचं.

ओळखीच्या डॉक्टरांनी दवाखाना उघडला, इंजेक्शन देऊन उलटी काढली. निळा चोथा पडला. आता महिनाभर रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन के-वनच्या गोळ्या. त्या स्निग्ध जेवणाबरोबर चांगल्या लागू पडतात, म्हणून मावशी रोज तूप-भातात गोळी लपवते. मोती भात चाटूनपुसून खातो आणि गोळी बाजूला काढून ठेवतो.