‘तक्रार करा, दहा लाख घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. बलात्काराची तक्रार दिली की राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून लगेच दहा लाख हातात पडतात, म्हणून खोट्या केसेस वाढल्या. करदात्यांनी हे का सोसायचं, आरोपीकडूनच वसूल करा, असा मजकूर. विधी सेवेच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या कामात स्वयंसेवक म्हणून मी अशा पीडितांच्या घरांत जाते. त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘लगेच दहा लाख.’ मनोधैर्य योजना ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झाली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी ती आहे. तेव्हा मदत दोन लाख, काही प्रकरणांत तीन लाख होती. ३० डिसेंबर २०१७ च्या शासन निर्णयाने दहा लाख ही वरची मर्यादा ठरली. ती सरसकट रक्कम नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कागद तपासून, इजा आणि परिस्थिती बघून रक्कम ठरवतं, आणि तिचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो.

आता ‘लगेच’चं सांगते. मागच्या वर्षी एका अल्पवयीन मुलीच्या आईसोबत मी बँकेत गेले होते. तिचे सगळे कागद खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेले. एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, आधार, पासबुक. आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकावर सासरचं. कर्मचाऱ्याने कागद परत केले. दुसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्र मागितलं, तिसऱ्या खेपेला फोटो. सोयाबीनची काढणी चालू होती, म्हणजे प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडाली, वर एसटीचं भाडं. मदत मंजूर झाल्यावरची ही कथा आहे, अर्जाची नव्हे. हे पैसे सहज मिळतात असं ज्याला वाटतं, त्याने एकदा त्या बाकावर बसून बघावं.

‘म्हणून खोट्या केसेस.’ खोटी तक्रार कधीच होत नाही, असा माझा दावा नाही. पण त्याची तजवीज कायद्यात आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या भरपाई योजनेत, तक्रार खोटी असल्याचं खटल्याअंती ठरलं तर दिलेली रक्कम दंडासारखी वसूल करता येते. आणि तक्रारीची किंमत मोजा ना. गावात नाव फुटतं, मुलीची शाळा सुटते, भावकी समझोत्यासाठी दारात येऊन बसते. ठेवीतल्या पैशासाठी कोणती आई आपल्या पोरीला यात ढकलेल?

‘आरोपीकडून घ्या.’ ऐकायला न्याय्य वाटतं, मलाही वाटायचं. कोर्ट दंडाची रक्कम पीडितेला देऊ शकतं, पण त्यासाठी आधी आरोपी दोषी ठरावा लागतो. अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत तो पैसा मिळत नाही. आरोपी सापडलाच नाही तर? नेमकी हीच अडचण ओळखून २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ आलं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ आहे. आरोपीचा पत्ता नसला तरी पीडितेला सरकारी भरपाईचा अर्ज करता येतो. ॲसिड हल्ल्यात तर थांबणं परवडतच नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किमान तीन लाख ठरवले आणि त्यातला पहिला एक लाख पंधरा दिवसांत द्यायला सांगितलं. जखम अपिलाच्या निकालाची वाट बघत नाही.

‘करदात्यांचा पैसा.’ हो, आहे. तो नुसता चेकवरही जात नाही. केंद्राने २०१३ मध्ये एक हजार कोटींनी निर्भया निधी सुरू केला, त्यातूनच २०१५ पासून सखी वन स्टॉप सेंटर उभी राहिली. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा, सगळं एका छताखाली. माझी खरी तक्रार याच्या उलट आहे. मंजूर पैसा कागदांत अडकतो, आणि गावातल्या बाईला असं केंद्र असतं हेच माहीत नसतं. ग्रुपवर मी उत्तरात १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर टाकला. त्यावर एकही अंगठा आला नाही, पण रात्री दोघींनी वेगळा मेसेज करून विचारलं की तिथे फोन केला तर घरच्यांना कळतं का.

ती आई अजून भेटते. ठेवीची पावती तिने त्याच खताच्या पिशवीत ठेवली आहे. मुलगी अठराची व्हायला चार वर्षं आहेत.