लाल आकड्याच्या आधी जुना रिपोर्ट पाहावा

रक्ततपासणीचा रिपोर्ट आला की आपली नजर आधी ठळक किंवा लाल छापलेल्या आकड्यांवर जाते आणि तसा एकही आकडा नसला की आपण निर्धास्त होऊन तो कागद फाईलमध्ये ठेवून देतो. मला या दोन्ही सवयी घातक वाटतात. आकड्याशेजारी छापलेली मर्यादा बहुतेक चाचण्यांत निरोगी लोकांच्या एका मोठ्या गटावरून ठरवलेली असते आणि त्यांतील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे तिच्यात बसतात. याचाच अर्थ असा की, पूर्ण निरोगी असलेल्या १०० जणांपैकी साधारण ५ जण कोणत्याही एका चाचणीत त्या मर्यादेबाहेर असतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या घरात जाते. मोठमोठ्या पॅकेजांनंतर घरोघरी जी घाबरगुंडी उडते, तिचे एक कारण हे निव्वळ गणित आहे.

मला अधिक काळजी वाटते ती मात्र लाल न होणाऱ्या आकड्यांची. पन्नाशीच्या एखाद्या स्त्रीचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ) काही वर्षे ०.७ होते आणि यंदा ते १.१ आले, असे समजा. अनेक लॅबच्या मर्यादेत हे दोन्ही आकडे बसतात, त्यामुळे रिपोर्टवर कुठलीही खूण उमटत नाही. पण मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज देणाऱ्या २०२१ च्या सूत्रात हेच आकडे घातले, तर ती क्षमता मिनिटाला सुमारे १०५ मिलिलिटरवरून सुमारे ६१ मिलिलिटरवर आलेली दिसते. आदल्या दिवशीचे भरपूर मांसाहाराचे जेवण किंवा एखादे औषधही क्रिएटिनिन वाढवू शकते, म्हणून एका रिपोर्टवरून निदान करू नये. पण चाचणी पुन्हा करायलाच हवी, आणि ती करावी हे जुना आकडा समोर असल्याशिवाय कोणाला सुचणार? पुरुषाचे हिमोग्लोबिन १५.५ वरून १३.२ वर येते तेव्हाही हेच घडते. रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणतो आणि पोटात कुठे सावकाश रक्तस्राव होत असेल, तर तो तपासायचा राहून जातो.

याउलट, प्रत्येक हालचाल हा बदल नसतो. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक, २.५ वरून ३.२ वर गेले म्हणून थायरॉइड बिघडले असे होत नाही. ते एकाच माणसात रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी असते, आणि केसांसाठी घेतलेल्या गोळ्यांतले बायोटिन हे जीवनसत्त्व काही यंत्रांवर ते खोटेच कमी दाखवते. रक्त काढताना पेशी फुटल्या की पोटॅशियम वाढलेले दिसते. शरीरात लोह कमी असेल, तर साखर न वाढताही एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा) थोडे वर सरकू शकते. सोडियम मात्र शरीर इतके घट्ट धरून ठेवते की त्यातील थोडासा फरकही दुर्लक्षून चालत नाही. कोणता आकडा किती हलला तर दखल घ्यायची, हे चाचणीगणिक वेगळे असते आणि म्हणूनच अशा आकड्यांवरून गोळीचा डोस परस्पर वाढवणे किंवा बंद करणे मला अत्यंत धोक्याचे वाटते.

शक्यतो दर वेळी त्याच लॅबमध्ये, दिवसाच्या त्याच वेळी रक्त द्यावे आणि रिपोर्टवरच लिहून ठेवावे: उपाशीपोटी होतो का, नुकताच ताप येऊन गेला का, आदल्या दिवशी जोरदार व्यायाम झाला का, नवे औषध सुरू आहे का. डॉक्टरांकडे जाताना शेवटचा एकच कागद न नेता मागचे तीन-चार रिपोर्ट न्यावेत.

लॅबनीही आपले काम करावे. त्याच रुग्णाचे जुने आकडे त्यांच्या संगणकात असतात. ते तारखेसह नव्या आकड्याच्या शेजारच्या रकान्यात छापणे मुळीच अवघड नाही. काही ठिकाणी ते छापले जातात, आणि जिथे छापले जात नाहीत तिथे रुग्णांनी ते हक्काने मागावेत.