‘फाइल उघडत नाही’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक तारा दिलात आणि लिहिलंत की सोसायटीच्या वार्षिक अहवालाची फाइल पुन्हा पुन्हा ईमेल केली, पण दुकानातून ‘उघडत नाही’ हेच ऐकायला मिळालं. शेवटी उघडली तर अक्षरं भलतीच. घरी तीच फाइल स्वच्छ दिसते. वर कन्व्हर्जनचे वेगळे पैसे मागितले, आणि दुसऱ्या दुकानात दोन मिनिटांत प्रिंट निघाली. ‘कॉम्प्युटर जुनाट, माणसं त्याहून जुनाट’ हे वाक्य आमच्या ऑपरेटरने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यावर आम्ही हसलो. बाकीच्याचं उत्तर मात्र सविस्तर देते, कारण सप्टेंबर आला की गिरगावातले बरेच सेक्रेटरी याच फाइली घेऊन येतात आणि याच जागी अडतात.

तुमचा पहिला मेल ऑफिसच्या आउटलुकमधून आला. त्यात अहवाल नव्हताच. ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची एकच फाइल होती. आउटलुकमधून मेल रिच टेक्स्ट फॉरमॅटमध्ये गेला की आउटलुक मजकुराची सजावट आणि सगळ्या अटॅचमेंट स्वतःच्या पद्धतीने एका गाठोड्यात बांधतं. ते गाठोडं सोडवायचं कसं, हे समोरच्या आउटलुकला कळतं. दुसऱ्या मेल प्रोग्रॅमला बहुतेक वेळा कळत नाही. तुमच्या ऑफिसातल्या ऑफिसात हे कधीच जाणवलं नसणार. तुम्ही सेंट मेलचा स्क्रीनशॉट पाठवलात, त्यात अहवालाची फाइल नावासकट दिसत होती, ते खरंच आहे. तुमच्या बाजूला ती तशीच दिसते. आमच्याकडे पोचलं ते गाठोडं. तोच मेल तिथूनच पुन्हा पाठवला की पुन्हा गाठोडंच येणार, म्हणून दर वेळी आमचं उत्तर बदललं नाही.

भाच्याने सांगितलं होतं की फाइलचं नाव बदलून शेवटी पीडीएफ करा म्हणजे उघडेल, आणि तेवढंही आम्ही केलं नाही, अशी तुमची तक्रार आहे. नाव बदलल्याने आतला माल बदलत नाही. खात्री करायची असेल तर कुठलीही फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि फक्त पहिली ओळ बघा. खरी पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि लगेच ‘पीडीएफ’ या अक्षरांनी सुरू होते. आजची वर्ड किंवा एक्सेलची फाइल ‘पीके’ने सुरू होते, कारण ती मुळात झिप असते. तुमच्या फाइलच्या सुरुवातीला लहान एक्स, त्यानंतर एक चमत्कारिक अक्षर आणि मग ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह होतं. ही आउटलुकच्या गाठोड्याची खूण.

अशा फाइली उघडून देणाऱ्या वेबसाइट आहेत, हे आम्हालाही माहीत आहे. पण अहवालात सभासदांची नावं, फ्लॅट नंबर आणि थकबाकीदारांची यादी असते. ती कुठल्यातरी अनोळखी साइटवर चढवायची नाही, हा आमच्या दुकानाचा नियम आहे. यापायी गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

उपाय आम्ही फोनवर सांगितला होता: मेल लिहिताना ‘फॉरमॅट टेक्स्ट’मध्ये जाऊन एचटीएमएल निवडा, नाहीतर सरळ दुसऱ्या मेलवरून पाठवा. तुम्ही संध्याकाळी घरच्या जीमेलवरून पाठवलीत आणि ती फाइल लगेच उघडली. म्हणजे ‘कॉम्प्युटर जुनाट’ हा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

बरोबर इमारतीच्या दुरुस्तीचे फोटो होते, तेही उघडत नव्हते. ते आयफोनचे हाइक (HEIC) फॉरमॅटमधले निघाले. आम्ही जेपीजी करून घेतले, त्याचे पैसे लावले नाहीत, आणि रिव्ह्यूतही त्याचा उल्लेख नाही. पुढच्या वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून ठेवा.

आता अक्षरांचं. खरं काम इथेच होतं, आणि पैसेही त्याचेच होते.

तुमच्या सोसायटीचा अहवाल आधीच्या कोणी सेक्रेटरींनी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे आणि दर वर्षी त्यातच आकडे बदलले जातात. जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. घरच्या मशीनवर तो फॉन्ट बसवलेला आहे, म्हणून तिथे अहवाल वाचता येतो. आमच्याकडे श्री-लिपी आहे, सुरेख आहे, कृतिदेव आहे, पण फाइलमध्ये नाव होतं ते यांतलं एकही नाही. मग आतलं इंग्रजी उघडं पडलं. युनिकोड या आजच्या पद्धतीत असं होत नाही, तिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून व्हॉट्सअॅपवरचं मराठी कुठल्याही फोनवर मराठीच दिसतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणं, हेच ते कन्व्हर्जन.

‘मग करा ना कन्व्हर्ट, बटण दाबलं की झालं,’ असं तुम्ही काउंटरवर म्हणालात. तुमच्या अहवालाचा पहिलाच शब्द घेऊ: ‘वार्षिक’. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्याला दिसतं त्या क्रमाने सगळं साठवलेलं असतं. आधी पहिली वेलांटी, मग ष, मग डोक्यावरचा रफार. युनिकोडमध्ये बरोबर उलट: आधी र आणि हलन्त, मग ष, आणि वेलांटी सगळ्यात शेवटी. कन्व्हर्टरला प्रत्येक शब्दात ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षर मध्ये आलं की तो चुकतो. वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. त्यातून हा अहवाल आहे. ‘सर्वसाधारण’, ‘कार्यकारिणी’, ‘निर्णय’, ‘खर्च’ यांच्याशिवाय त्याची एक ओळ पुरी होत नाही.

त्यातून जमाखर्च. रुपयाचं चिन्ह २०१० साली आलं. तेव्हा ते कीबोर्डवर आणायला लोकांनी जे फॉन्ट वापरले, त्यांतल्या काहींनी ते टॅबच्या वरच्या बटणावरच्या तिरक्या खुणेवर बसवलं होतं. तुमच्या ताळेबंदात तसंच आहे. फॉन्ट गेला की प्रत्येक रकमेपुढे नुसती तिरकी रेघ उरते. सिंकिंग फंडाच्या, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या रकमेपुढे अशी रेघ छापून आली असती, तर सभेत उत्तर तुम्हालाच द्यावं लागलं असतं.

म्हणून कन्व्हर्जन आणि ओळन् ओळ प्रूफ, असे पानामागे पैसे सांगितले. दर भिंतीवर लावलेला आहे. तुम्ही नको म्हणालात, आम्ही एक रुपयाही घेतला नाही. रिव्ह्यू वाचून कोणाला वाटेल की घेतले.

आणि दुसऱ्या दुकानातली दोन मिनिटं. तिथे तुम्ही पेन ड्राइव्हवर पीडीएफ नेलीत. ‘घाई असेल तर घरच्याच मशीनवर पीडीएफ करून आणा, फॉन्ट तिच्यात बसून येतो,’ हे आमच्याच ऑपरेटरने तुम्हाला सांगितलं होतं. अशी पीडीएफ आम्हीही दोन मिनिटांतच छापली असती. तुम्हाला मात्र अहवालात सुधारणा करून हव्या होत्या आणि त्या तशा पीडीएफमध्ये होत नाहीत, म्हणून आम्ही मूळ फाइल मागितली. सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी जायला हवी आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत, त्यामुळे तुमची घाई आम्हाला कळत होती. त्याच आठवड्यात मंडळांच्या पावतीपुस्तकांचीही रांग असते, तरी तुमचं काम आम्ही मागे टाकलं नव्हतं.

तुमची वर्डची फाइल आणि फोटो अजून आमच्या मशीनवर आहेत, थकबाकीदारांच्या यादीसकट. ठेवायचे की काढून टाकायचे, ते दुकानाच्या नंबरवर कळवा. कळवलं नाहीत तर महिनाअखेरीस आम्ही ते काढून टाकू.