‘दावेदार’ म्हणजे नुसता स्पर्धक नव्हे

‘दावेदार हा हिंदीतून घुसलेला, कोर्टातला शब्द. मराठीत सरळ स्पर्धक लिहा.’ शुद्ध मराठीच्या नावाने हा सल्ला फिरत असतो. पटेल असा वाटतो, पण तपासला की टिकत नाही.

हिंदीतून घुसला? ‘दावा’ अरबी, ‘दार’ फारसी. दोन्ही मराठीत केव्हाचे मुरलेले. किल्लेदार, सुभेदार सोडा, ‘धारदार’मध्ये हा प्रत्यय देशी शब्दालाही चिकटला. जुन्या मराठीत दावा म्हणजे वैरही (‘दावा साधला’ अजून म्हणतात) आणि दावेदार म्हणजे वैरी. आजच्या क्रीडापानावरच्या अर्थाला हिंदीचं पाठबळ मिळालं असेल, पण शब्द घरचाच.

कोर्टातला? दिवाणी दावा लावणारा तिथे ‘वादी’, समोरचा ‘प्रतिवादी’, फौजदारीत ‘फिर्यादी’. गोंधळ होणार कुठे?

खरी चूक ‘स्पर्धक’ सुचवण्यात आहे. नाव नोंदवलं की कुणीही स्पर्धक. दावेदार तो, ज्याने जिंकणं शक्यतेतलं असतं. शंका आली तर षष्ठी लावून बघा. ‘सिंधूची प्रतिस्पर्धी’ चालतं, ‘सुवर्णपदकाची प्रतिस्पर्धी’ कानाला खटकतं. तिथे ‘सुवर्णपदकाची दावेदार’च हवं. प्रतिस्पर्धी माणसाचा असतो, दावेदार पदाचा किंवा पदकाचा. ‘स्पर्धक’ या दोन्ही जागी लंगडतो.

बुद्धिबळात आणखी एक पायरी आहे. जगज्जेत्याला कोण आव्हान देणार, हे कँडिडेट्स स्पर्धा ठरवते. २०२४ च्या टोरंटोतल्या कँडिडेट्समध्ये आठ खेळाडू होते. त्यांपैकी विजेतेपदाचे दावेदार कोण, यावर वाद घालता येईल. पण गुकेश ती जिंकला आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनचा ‘आव्हानवीर’ झाला. आव्हानवीर नियमाने ठरतो, दावेदार अंदाजाने. अंदाज चुकतोही: नागपूरच्या दिव्या देशमुखला २०२५ च्या महिला विश्वचषकात १५वं मानांकन होतं आणि चषक तिनेच नेला. म्हणून ‘दावेदार म्हणजे जिंकणारच’ हेही खोटं. त्याच्या जवळ जाणारा शब्द ‘संभाव्य विजेता’, आणि तोही ‘संभाव्य’च.

वापरताना घसरगुंडी होते ती स्त्रीलिंगात. ‘ती प्रबळ दावेदारी आहे’ असं लिहू नये. शब्द ‘ती दावेदार’, ‘त्या दावेदार’ असाच राहतो. ‘दावेदारी’ हे भाववाचक नाम, ती सांगायची किंवा मागे घ्यायची असते.