‘रेषेला वेगळा क्लास कशाला?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. डायग्राम एडिटर बनवणाऱ्या नवख्यांसाठी ‘सोपा मार्ग’ म्हणून लिहिलेला. मुद्दे बरेच आहेत, पण सार एवढंच: दोन नोडमधलं (चित्रातल्या दोन घटकांमधलं) कनेक्शन म्हणजे नुसती रेषा, तिच्यासाठी मॉडेलमध्ये, म्हणजे चित्रामागच्या डेटात, वेगळा क्लास करणं म्हणजे उगाच पसारा, प्रत्येक नोडमध्ये पुढच्या नोडची लिस्ट ठेवा आणि रेषा स्क्रीनवर काढून मोकळे व्हा. शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी हे जसंच्या तसं उचलतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरणं एक्लिप्सच्या जीईएफमधली आहेत, म्हणजे जावात डायग्राम एडिटर बनवायच्या फ्रेमवर्कमधली.

‘कनेक्शनला स्वतःची अशी माहिती नसते.’

हे वाक्य अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या एखाद्या पॅनेल शॉपमध्ये जाऊन म्हणून बघा. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारा) आणि त्याची मोटर घ्या. नोड दोनच. मधल्या पॉवरच्या वायरी किती? सहा. यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि यू२, व्ही२, डब्ल्यू२. प्रत्येकीचा फेरूल नंबर (टोकाला चढवलेल्या नळीवरचा क्रमांक) वेगळा, दोन्ही टोकांची टर्मिनल वेगळी, शिवाय साइज आणि रंग आहेच. आता मेसेजच्या हिशोबाने स्टार्टरच्या लिस्टमध्ये मोटर सहा वेळा लिहायची का? लिहिली तरी त्यातली व्ही२ कुठली, हे कुणी सांगायचं? ड्रॉइंगवरून वायरिंग करणाऱ्या माणसाला ‘स्टार्टरपासून मोटरपर्यंत’ एवढ्यावर काम करता येत नाही. त्याला कुठल्या टर्मिनलपासून कुठल्या टर्मिनलपर्यंत ते लागतं, आणि ही माहिती ना स्टार्टरची आहे ना मोटरची. ती त्या वायरीची आहे.

जीईएफची रचनाही हेच धरून आहे. रेषा नोडला नेमकी कुठे टेकवायची ते ठरवताना फ्रेमवर्क नोडच्या एडिटपार्टकडे (मॉडेलमधला ऑब्जेक्ट आणि त्याचं चित्र जोडणाऱ्या भागाकडे) अँकर, म्हणजे रेषा टेकवायची जागा, मागतं, आणि मागताना ते कनेक्शन हातात देतं: ‘ह्याच्यासाठी कुठला अँकर?’ कनेक्शनकडे टर्मिनलचं नाव असेल तरच नोडला उत्तर देता येतं. जीईएफसोबत लॉजिक सर्किटच्या एडिटरचं एक उदाहरण येतं. त्यातला वायरचा क्लास उघडून बघा: सोर्स टर्मिनल, टार्गेट टर्मिनल आणि बेंडपॉइंट (वळणाचे बिंदू), तिन्ही तिथेच आहेत.

‘दोन टोकांचे एक्स-वाय सेव्ह केले की काम झालं.’

आणि नोड हलवला की? टोकं साठवायची नसतात, काढायची असतात. जीईएफच्या खालच्या ड्रॉ-टूडी लायब्ररीतला चॉपबॉक्स अँकर चौकोनाच्या मध्यापासून समोरच्या टोकाकडे रेषा धरतो आणि ती चौकोनाची कड जिथे ओलांडते तो बिंदू देतो. चौकोन सरकला की अँकर कनेक्शनला कळवतो आणि राउटर, म्हणजे रेषेचा मार्ग ठरवणारा भाग, रेषा पुन्हा आखतो. साठवायचे ते फक्त माणसाने हाताने दिलेले वळणाचे बिंदू.

‘लिस्ट सोर्सकडे असली की पुरे.’

मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हा. जीईएफ दोन्ही बाजूंना विचारतं: तुझ्यातून निघणारी कनेक्शनं कोणती, आणि तुझ्यात येणारी कोणती? दोन्ही उत्तरांत एकच ऑब्जेक्ट आला पाहिजे, कारण फ्रेमवर्क तो ऑब्जेक्ट रजिस्ट्रीत, म्हणजे कुठल्या ऑब्जेक्टचा कुठला एडिटपार्ट याच्या नोंदवहीत, शोधतं. सापडला तर आधीचाच एडिटपार्ट वापरतं, नाही तर नवा बनवतं.

आता ज्याच्याकडे कनेक्शनचा क्लासच नाही तो काय करतो? विचारलं की तिथल्या तिथे एक तात्पुरता ऑब्जेक्ट बनवून देतो. सोर्सने एक दिला, टार्गेटने दुसरा. रजिस्ट्रीच्या लेखी ही दोन वेगळी कनेक्शनं. मग स्क्रीनवर एका वायरीच्या जागी दोन अर्धवट रेषा लटकतात: एकीला टार्गेट नाही, दुसरीला सोर्स नाही. ज्या टोकाला नोड नाही त्याला जीईएफ ठरलेला अँकर देतं, सोर्ससाठी (१०, १०) आणि टार्गेटसाठी (१००, १००). म्हणून रेषा वरच्या डाव्या कोपऱ्याकडे पळताना दिसतात आणि पोरं राउटर बदलत बसतात. राउटर बिचारा निर्दोष असतो. शिवाय दर रिफ्रेशला ऑब्जेक्ट नवे, त्यामुळे जुने एडिटपार्ट उडतात आणि सिलेक्ट केलेली रेषा हातातून निसटते.

‘दोन्हीकडे लिस्ट ठेवली की ताळमेळ बिघडतो’ ही मेसेजमधली भीती मात्र खरी आहे. त्यावर उपाय क्लास काढून टाकणं हा नव्हे. दोन्ही लिस्टमध्ये लिहिण्याचा हक्क फक्त कनेक्शनच्या जोड-तोड करणाऱ्या मेथडना द्या, नोडच्या लिस्टला बाहेरून कुणी हात लावायचा नाही. ईएमएफ (एक्लिप्सचंच मॉडेल बनवायचं फ्रेमवर्क) वापरत असाल तर एकमेकांचे उलटे रेफरन्स जाहीर करा, दुसरी बाजू ते स्वतः सांभाळतं. फाइलमध्ये कनेक्शन एकदाच लिहायचं, आयडीसकट.

‘नोड डिलीट केला की रेषा आपोआप जातात.’

जातात, पण अंडू केल्यावर परत येत नाहीत. किंवा येतात तेव्हा वळणं आणि फेरूल नंबर गमावून येतात. नोड काढणाऱ्या कमांडने आधी त्याच्या येणाऱ्या-जाणाऱ्या कनेक्शनांची यादी स्वतःकडे घ्यायची, मग ती तोडायची आणि अंडूला तीच परत जोडायची. तीच, म्हणजे नवी बनवायची नाहीत. जीईएफच्या शेप्स उदाहरणात हे असंच केलंय, आणि कोड फार नाही.

‘क्लास वाढला की एडिटर स्लो होतो.’

खर्च जातो तो चित्र रंगवण्यात आणि राउटिंगमध्ये. चार फील्डच्या ऑब्जेक्टने काही होत नाही.

आणि हे फक्त जीईएफचं खूळ आहे असंही नाही. रिअ‍ॅक्ट फ्लोमध्ये (वेबपेजवर नोड-रेषांची चित्रं काढायच्या लायब्ररीत) एजची, म्हणजे कनेक्शनची, यादी नोडांच्या यादीपासून वेगळी असते. प्रत्येक एजला आयडी, सोर्स, टार्गेट आणि हवं तर दोन्हीकडचं हँडल, म्हणजे नोडवरची जोडायची जागा. कामाच्या प्रोसेसची चित्रं काढायचं, २०११ साली आलेलं बीपीएमएन २.० हे स्टँडर्ड तर आणखी पुढे जातं. कुठल्या कामानंतर कुठलं काम, हे सीक्वेन्स फ्लोमध्ये. रेषा कुठून कशी वळते, हे वेगळ्या एजमध्ये. चित्र पुसलं तरी प्रोसेस शाबूत राहते.

मेसेजवाल्याचं एका ठिकाणी बरोबर आहे. ऑफिसातल्या साहेब-हाताखालचा असा नुसता ट्री दाखवायचा असेल, रेषा कुणी सिलेक्ट करणार नसेल, तिच्यावर लेबल येणार नसेल, तर पालक-मूल एवढं नातं पुरतं. बाकी ज्यांनी लिस्टवर टूल उभारलंय, त्यांनी जुन्या फाइलमधल्या लिस्टच्या प्रत्येक नोंदीमागे एक कनेक्शन तयार करावं आणि त्याला नवा आयडी द्यावा. टर्मिनलची नावं मात्र ड्रॉइंग समोर ठेवून हाताने भरावी लागतील, कारण जुन्या फाइलमध्ये ती कधी लिहिलीच गेली नव्हती.